अव्वाच्या कानाचं मशीन

अप्पा, तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली आणि मी आज तुमच्यावर चिडून लिहायला बसले आहे. चौथीतून माझी शाळा तुम्हीच सोडवलीत, म्हणून अक्षराला नावं ठेवायची नाहीत. गोष्ट तुमच्या बायकोच्या, आमच्या अव्वाच्या कानाची आहे. तीन-चार वर्षांपासून तिला नीट ऐकू येत नाही, आणि लातूरच्या घरात सगळ्यांनी ते सोयीचं करून घेतलं होतं. तिच्यासमोरच तिच्याबद्दल बोलायचं, आणि तिनं काय म्हणून विचारलं की काही न्हाई म्हणायचं. मी नांदेडहून फोन केला तर काहीही विचारलं तरी ती नुसतं बरी हाय, बरी हाय म्हणत राहायची. शेवटी मी बस धरून आले आणि भावाला म्हटलं, कानाचं मशीन घ्यायचं. तो म्हणाला, या वयात तिला काय ऐकायचंय? घ्यायचंच तर एका कानाचं घे. मी विचारलं, तू चष्मा एका डोळ्याचा लावतोस का.

दुकानात तर लईच राग आला. दुकानदार सगळं भावाला विचारत होता. आजींना टीव्ही ऐकू येतो का, आजी बाहेर जातात का. आजी समोर खुर्चीवर बसलेली आणि भाऊ तिच्या वतीनं उत्तरं देतोय, अगदी तुमच्यासारखा. तिला कुणी काही विचारलं की तुमचं उत्तर आधी तयार असायचं. मी म्हटलं, कान तिचे आहेत, तिला विचारा, मोठ्यानं विचारा. मग त्यानं तिला पदर खाली घ्यायला लावला आणि दोन्ही कानांमागे मशीन बसवलं. अव्वानं वर बघितलं. म्हणाली, "पंखा वाजतोय की गं." पंधरा दिवस वापरा, नाही पटलं तर परत आणा, असं ठरलं. अव्वानं सवयीनं पदर डोक्यावर ओढला आणि आम्ही निघालो.

घर येईपर्यंत तिनं मशीन काढून मुठीत धरलं होतं. दुसऱ्या दिवशी ते वातींच्या डब्यात सापडलं. म्हणाली, कानात कुणीतरी सूप घेऊन तूर पाखडून राहिलंय. मी तिच्यावर ओरडले, अप्पा. सत्तरी ओलांडलेल्या बाईला म्हटलं, तुला माणसांत राहायचंच नाही. मग दुकानावर जाऊन दुकानदारावर ओरडले. त्यानं मशीन स्वतःच्या कानाला लावून बघितलं आणि म्हणाला, चांगलं आहे, आजींना सवय नाही. भाऊ खूश. पंधराव्या दिवशी परत देऊन टाकू म्हणाला.

बाराव्या दिवशी उलगडा झाला. ती भाकरी थापत होती. मशीन मी बळजबरीनं लावलेलं, हात पिठाचे, पदर घसरून खांद्यावर आलेला. मी मागून साध्या आवाजात म्हटलं, अव्वा, गॅस बारीक कर. तिनं मागं न बघता केला. मग मनगटानं पदर डोक्यावर लोटला आणि तोंड वाकडं केलं. मी जवळ गेले आणि तिच्या कानापाशी पदर दोन बोटांनी घासला.

"हेच का?"

"हाव. हेच पाखडणं."

साडीचं कापड मशीनवर घासत होतं, दुसरं काही नाही. आपल्याकडच्या कुठल्या म्हातारीच्या डोक्यावर पदर नसतो? रोज मशीनं विकणाऱ्याला हे दिसू नये? आणि मला, बारा दिवस तिच्याकडं बघणाऱ्या लेकीला? मी म्हटलं, आता पदर खांद्यावरच राहू दे. तर म्हणते, "बैठकीत ते हायेत की, भिंतीवर."

तेव्हा तो दिवस आठवला. मी नऊ वर्षांची, दाराशी उभी. बैठकीत उदगीरचे व्यापारी बसलेत, अव्वा चहाचा ट्रे घेऊन येते, दोन्ही हात ट्रेला, आणि पदर घसरतो. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणता, "डोकं झाकता येत नसेल तर आत बस." कोणत्या हातानं झाकायचं होतं, अप्पा? तिनं ट्रे ठेवला, डोकं झाकलं, आत गेली. त्यानंतर माणसांत तिचा पदर घसरलेला मी बघितला नाही.

दोन दिवस तसंच चाललं. स्वयंपाकघरात पदर खांद्यावर, सगळं ऐकू येतंय. बैठकीत आली की डोक्यावर पदर, मशीन बंद, पुन्हा बहिरी. सगळं घर बसतं बैठकीत, पाहुणे तिथंच, नातवंडं तिथंच. म्हणून आज सकाळी मी तुमचा फोटो खिळ्यावरून काढला. तिला सांगितलं, काच तडकली, बसवायला दिलाय. ती रिकाम्या खिळ्याकडं बराच वेळ बघत राहिली, मग पदर खांद्यावर सोडून बसली. भाऊ नेहमीसारखा बायकोला सांगत होता, अव्वाच्या पायी आपलं कुठं जाणं-येणं होत नाही. अव्वा म्हणाली, "येतंय ऐकू. बोल पुढं." त्याचं तोंड बघायला तुम्ही हवे होतात. नाही, नकोच होतात.

उद्या पंधरावा दिवस. मशीन परत जाणार नाही, मी जाणार. काच तडकलेली नाही. तुम्ही कपाळावरच्या भस्माच्या पट्ट्यांसकट माझ्या पिशवीत आहात, नांदेडला येताय, आणि हा कागद तुमच्या फोटोच्या मागं खोचते आहे. एवढी भांडले, पण खरं ते सांगते. फोटो खिळ्यावरून काढायच्या आधी मी डोक्यावरून पदर घेतला होता.