बस दिसेनाशी होईपर्यंत

ती. तोकिकोताईस,

धाकट्या नोबुएचा नमस्कार, पत्रातून जितकं वाकता येतं तितकं वाकून. पत्राची सुरुवात हवापाण्याने करायची आपली रीत आहे, तेव्हा: बर्फ पडतोय. काल पडला, आज पडतोय, उद्याही त्याचा तोच बेत दिसतो. रीत पाळून झाली. तुझी तब्येत कशी आहे? गुडघे? नागोयाला तुझ्या इमारतीत लिफ्ट असल्यामुळे गुडघ्यांना काही काम नसेल, म्हणजे ते नक्की दुखत असणार. वर्षअखेरीची संत्र्यांची पेटी पोचली. नेहमीप्रमाणे आत चिठ्ठी नव्हती. संत्री मात्र इतकी गोड निघाली की ती तू पाठवलीस यावर विश्वास बसेना. बाबांना मी ती शेजारच्या कुसाबेंनी दिली असं सांगितलं. ('हे घर विकून टाका एकदाचं' असं तणतणत तू गेलीस, तेव्हापासून तुझं नाव या घरात काढायची सोय नाही. बाबांनी निम्मी पेटी एकट्याने संपवली आणि कुसाबेंच्या घराकडे बघून आयुष्यात पहिल्यांदा कौतुकाने मान हलवली.)

तर घर विकायची वेळ खरोखरच आली होती. हल्ली आपल्याकडे पैसे देऊन मुक्कामाला चिटपाखरू येत नाही. त्यात एका सहल कंपनीने ठरवलं की हिवाळाभर आपल्या बसमधल्या लोकांना गावातल्या एकाच घरी जेवू घालायचं: आपल्या किंवा कुसाबेंच्या. कुसाबेंकडे बसायची गरम बाकं आहेत आणि भर बर्फात आइस्क्रीम मिळतं, आपल्याकडे बाबा आहेत. आपल्या घरची परीक्षा गुरुवारी ठरली. नापास झालो असतो तर घर विकणं आलं, म्हणजे शेवटी तुझंच खरं झालं असतं. त्यापेक्षा मी छपरावरून उडी मारली असती. (खाली बर्फ आहे, लागलं नसतं. तरी.)

कंपनीचे इबुका साहेब आदल्या दिवशीच 'वातावरण' तपासायला आले. पाहुण्यांना अस्सल खेडं हवं असतं, म्हणाले, म्हणून इथे माणसं राहतात असं शक्यतो दिसू देऊ नका. मग वॉशिंग मशीनवर चादर पडली, भाताच्या कुकरवर टोपली. माझं जाड जाकीट उतरवून मला आजीचा निळा किमोनो नेसवण्यात आला. (आजी थंडी बाधूनच गेली, हे मी साहेबांना सांगितलं नाही.) बाबांना चुलीपाशी बसून नुसतं म्हातारं दिसायचं काम मिळालं. बाबा म्हणाले, "जमेल. सराव आहे."

गुरुवारी बस आली. चिनात्सु नावाची गाइड हातात झेंडी घेऊन उतरली आणि तिच्यामागून टोकियोचा अख्खा मोहल्ला. छापील कार्यक्रमात लिहिलं होतं, 'डोंगरातल्या नीरव शांततेत हरवून जा: वीस मिनिटं, स्वच्छतागृहासह.' चिनात्सुने आपल्या खोऱ्यातलं म्हणून एक लोकगीत गायलं, ते मी जन्मात प्रथमच ऐकलं. एका बाईंनी मला विचारलं, "तुम्ही खरंच इथे राहता?" राहत नाही, तुमच्यासाठी भाड्याने आणलंय मला, असं जिभेवर आलं होतं. पण तिथे नुसती वाकले. दुसऱ्या एकीने चादर उचलून वॉशिंग मशीन पाहिलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तिची फसवणूक केली होती. मग एक गृहस्थ संडासातच काढून ठेवायच्या सपाता घालून थेट चुलीपाशी येऊन बसले. सगळे त्या सपातांकडे बघत राहिले आणि कोणी अवाक्षर काढेना. दिवसभरात नीरव शांतता काय ती तेवढीच.

एक बाई मात्र उतरलीच नाही. तिला बस लागली होती. तांबडा स्कार्फ गुंडाळून मागच्या सीटवर पडून होती बिचारी. मी तिला चहा आणि खारवलेलं आलुबुखार पाठवलं. साऱ्या बसमध्ये तेवढी एकच समंजस वाटली.

खरी गंमत निरोपाच्या वेळची. पाहुणा दिसेनासा होईपर्यंत हात हलवायचा, त्याआधी आत वळायचं नाही, हे काय तुला सांगायला हवं? आणि पाहुण्यानेही तोवर मान फिरवायची नाही. मी उभी राहिले. बाबाही चुलीजवळून उठून बाहेर आले, आम्ही दोघं हलवतोय म्हणून कुसाबे मंडळी आली, ती आली म्हणून सारी आळी आली. बस निघाली, देवळापाशी वळली, आणि मागचं चाक बर्फाखालच्या गटारात गेलं. आमच्या डोळ्यांसमोर, हाकेच्या अंतरावर.

आता काय करणार? बस गेलेली नाही, म्हणजे हात खाली घेता येत नाही. आतले लोकही हसतमुखाने हात हलवतायत. फावडं आणायला वळावं तर पाठ फिरवली असं होतं, शिवाय फावडं घेऊन पाहुण्याकडे धावणं म्हणजे 'निघा आता' म्हणण्यासारखंच की! ड्रायव्हर उतरला आणि तसदीबद्दल क्षमा मागायला वाकला. आम्ही वाकलो. आम्ही वाकलो म्हणून तो पुन्हा वाकला. मदत मागितली तर आम्हाला त्रास होईल, म्हणून बिचाऱ्याने ती मागितली नाही. मध्येच कुसाबेंचा जावई बर्फ काढायचं यंत्र घेऊन आला. सारा गाव हात हलवतोय पाहून त्याला वाटलं, आपली कदर झाली. गहिवरून त्यानेही हात हलवला आणि यंत्रासकट निघून गेला.

माझा खांदा बधिर झाला. कुसाबेकाकू डावा हात वापरायला लागल्या (त्यांना कसली लाज नाहीच). शेवटी देवाला दया आली. बर्फाचा असा दाट लोंढा आला की बस दिसेनाशी झाली. दिसेनाशी झाली म्हणजे गेली! सगळ्यांनी शुद्ध मनाने हात खाली घेतले, फावडी आणली आणि त्या गेलेल्या बसला खणून बाहेर काढलं. बर्फ ओसरला, बस खरोखर निघाली, आणि आम्हाला हात हलवायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

बाबा तेवढे मधल्या वेळातही थांबले नव्हते. समोर नुसतं पांढरं, आणि हे आपले हात हलवतायत. मी म्हटलं, "पुरे हो बाबा, काही दिसत नाहीये." तर म्हणाले, "तिला दिसत असेल." मला वाटलं, चिनात्सुबद्दल बोलतायत. म्हातारपणी माणूस काय बोलेल सांगता येत नाही.

इबुका साहेब रडले. असा निरोप त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. हिवाळाभराची बस आपल्याला मिळाली. कार्यक्रमात आता 'साश्रू निरोप: अर्धा तास' असं छापणार आहेत, आणि बस रोज त्याच गटाराशी थांबवता येईल का, याची चौकशी चालू आहे. तेव्हा घर विकायचं नाही, तुझं खरं झालं नाही, आणि माझं अगदी उत्तम चाललंय. कोणाची काही गरज नाही.

तुझी धाकटी,
नोबुए

ता. क. माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही आणि रोज अर्धा तास हात हलवायचा आहे. तुझा हात शाळेपासून दणकट. (मला पाठीवर आठवतो.) हिवाळ्यापुरती येऊन जा.

ता. क. दुसरा. हात हे निमित्त आहे. शुक्रवारी सकाळी जेवताना बाबांनी वाडग्यातून डोकं वर न काढता विचारलं, "मागच्या सीटवर तोकिकोच होती ना?" त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आणि त्या बाईच्या गळ्यात तुझ्यासारखा तांबडा स्कार्फ. मला नाही म्हणवलं नाही गं. ते म्हणाले, "जाड झालीय." मग बऱ्याच वेळाने, "संत्री पाठवते, दारापर्यंत येते, मग उतरायला काय झालं होतं?" म्हणजे संत्र्यांचं त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. तेव्हापासून रोज बस आली की ते चुलीजवळून उठून बाहेर येतात आणि सगळे उतरून झाले तरी मागची काच बघत उभे राहतात. ताई, मला ते बघवत नाही. ये.

ता. क. तिसरा. तांबडा स्कार्फ घाल आणि निघण्याआधी थोडी जाड हो. मी दारात उभी असेन. माझा हात वर गेला नाही तर अजून रागावलेय असं समजून त्याच बसने परत जाऊ नकोस.