सात नंबरची नळी

३ मार्च
आले एकदाची! मामाने वशिला लावला म्हणा किंवा माझं नशीब उघडलं म्हणा, पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. वर मामाचं घर, खाली नदीकडे तोंड केलेली माझी खोली. मी सात वर्षांची असताना आई मला टाकून कुणाबरोबर तरी निघून गेली. तेव्हापासून मामानेच होस्टेलात ठेवून शिकवलं. त्याचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. मामी मात्र चहा देताना डोळे पुसत होती. रडूबाई कुठली!

५ मार्च
काम सोपं आहे. काठाच्या वाळूत नऊ नळ्या पुरल्यात. सातवी तर माझ्या पायरीलाच लागून. नदीचं पाणी झिरपून जमिनीतल्या पाण्याला जिथे भेटतं, तिथलं पाणी उपसायचं. तिथले जिवाणू सेंद्रिय कार्बन खातात, म्हणजे कुजलेली पानं, मेलेले किडे, काय मिळेल ते. त्यामुळेच गावाला स्वच्छ पाणी मिळतं. यंदा नदी आटली, पानं नाहीत, बिचारे उपाशी आहेत.
मामा म्हणाला, सात नंबरला हातमोजे घालायचे नाहीत, रबराने मोजणी बिघडते. कॉलेजात उलटं शिकवलं होतं, हाताच्या तेलाने बिघडते म्हणून. पण मामापुढे शहाणपणा कोण करणार? बाटली विसळलेलं पाणी परत त्याच नळीत ओतायचं, हीसुद्धा त्याचीच शिस्त.

११ मार्च
बोटांवरच्या रेषा पुसट झाल्यात. फोन अंगठा ओळखत नाही. मामी हळूच म्हणाली, परत जा पोरी. मामाने तिला वर पिटाळलं.
सात नंबरचं पाणी कोमट लागतं. मी बाटली काढली की आपणहून वर येतं. बाकीच्या नळ्यांना मी हातमोजे घालते, तिथे पाणी खालीच असतं.

१४ मार्च
जुन्या वह्या चाळल्या. कोरड्या वर्षी सात नंबरचा कार्बन घसरत जातो आणि एका दिवशी एकदम चौपट होतो. दुसऱ्या दिवसापासून नमुने घेणाऱ्याचं अक्षर वेगळं. तीनदा असंच. मामाला विचारलं तर हसला, म्हणाला, नसती खुसपटं काढू नकोस. मीही हसले. येडीच मी.

१६ मार्च
तिसऱ्या वेळी, चौपटीच्या दिवसापर्यंतचं अक्षर आईचं आहे. माझ्या सातव्या वाढदिवसाच्या कार्डावर तिने सातला शेपटी काढली होती, वहीतही तीच शेपटी. ती इथे कामाला होती हे मला कुणी सांगितलंच नाही. कार्बन चौपट झाल्याची तारीख ती "निघून गेली" त्याच दिवसाची.
सख्खी बहीण होती रे तुझी! केसाने गळा कापलास, मामा. पंधरा वर्षं मी तिला शिव्या घातल्या आणि तुझ्या पाया पडत आले.

१७ मार्च, सकाळ
दाराला बाहेरून कडी. मामी जिन्यात रडतेय. मामा तिला विचारतोय — हिच्याऐवजी आपली लेक पाठवायची का? गावाने घाण पाणी प्यायचं का?
नमुन्यांची वही माझ्याकडेच आहे. आजच्या तारखेपुढे आकडा आधीच लिहिलेला. चौपट. मामाचं अक्षर.

दुपार
फरशीच्या सांध्यांतून पाणी. कोमट. घोट्यापर्यंत — दुखत नाही. तेच वाईट, दुखत नाही —
मामा दाराबाहेर. लाडाने समजावतोय — तुझी आईसुद्धा शहाण्यासारखी —
पेन धरवत नाही. बोटं —
पाण्यात कुणीतरी माझा हात धरलाय. घट्ट.
आई, मी तुला उगाचच इतकी वर्षं —