पन्नासावा कान

३ जानेवारी, सकाळी ७
संकल्प : मार्चअखेर रिसर्च पेपर पूर्ण. विषय : वर्षानुवर्षं कान वाहणारे पन्नास पेशंट, आणि ऑपरेशनमध्ये आत काय सापडलं. एकेचाळीस झाले. उरलेले नऊ म्हणजे डाव्या हातचा मळ.

माझी पद्धत : आदल्या दिवशीच पेन्सिलीने फॉर्म भरायचा. वीस वर्षं कान कापतोय, आत काय असणार ते बाहेरूनच कळतं. शेवटचा रकाना ‘उपचाराला उशीर का?’ पर्याय : अज्ञान, भीती, इतर. मी सरळ अज्ञानावर टिक करतो. विचारत बसायला वेळ कुणाला आहे?

१९ जानेवारी
ज्युनिअर म्हणाली, सर, तुम्ही ‘हाडं शाबूत’ लिहिलंय, पण कानातलं ऐरणीचं हाड पार झिजलेलं निघालं. खोडलं. अपवाद. या महिन्यातला तिसरा. ऑपरेशनंही तीनच झालीत म्हणा.

माझा डावा कान याही वर्षी जरा ओला. आंघोळीचं पाणी.

७ फेब्रुवारी
ही म्हणते, उशीला वास येतोय. कापूस जुना झाला असेल. नवी आणली.

१४ फेब्रुवारी
नव्या उशीलाही वास. दुकानदार लबाड.

जेवताना खुर्ची बदलली. आता ही माझ्या उजवीकडे. खिडकीचा वारा लागतो, असं सांगितलं. ती खिडकी वर्षभर उघडलेलीच नाही, हे तिने ऐकवायची काही गरज नव्हती.

२ मार्च
एकोणपन्नासावा पेशंट. गवंडी. आठ वर्षं कान वाहतोय! चांगला झापला, म्हटलं, इतकी वर्षं झोपला होतात का? तो बराच वेळ काहीतरी सांगत होता. बसला होता माझ्या डावीकडे. मी मान डोलावली. अज्ञान, टिक.

९ मार्च
कान पुसताना खोली गरकन फिरली. नाश्ता केला नव्हता, दुसरं काय! ज्युनिअरने धरून बसवलं आणि न विचारता कानात दुर्बीण घातली. उद्धट मुलगी. मग विचारते, सर, असा कान दिसला की तुम्ही पेशंटला काय सांगता? ताबडतोब ऑपरेशन, असं सांगतो. पण माझी केस वेगळी आहे.

घरी ही रडली. म्हणाली, नात पहिल्यांदा ‘आजोबा’ म्हणाली ती तुमच्या डाव्या कानाशी, आणि तुम्ही पेपर वाचत राहिलात.

१६ मार्च
उद्या माझं ऑपरेशन. फॉर्म पेन्सिलीने भरून ठेवला : छिद्र लहान, हाडं शाबूत.

१८ मार्च
डोक्याला पट्टी. पन्नास पूर्ण झाले, तेवढंच समाधान.

ज्युनिअरने फॉर्म शाईने भरून आणला. ऐरण गेलेली. तिच्या पुढचं रिकिबीचं हाड अर्धं खाल्लेलं. मेंदूखालचं हाड कागदाएवढं पातळ. ऐकू येईल, पण पूर्वीसारखं नाही. शेवटचा रकाना तिने कोराच ठेवला होता. म्हणाली, सर, हे पेशंटला विचारून भरायचं असतं ना?

अज्ञान म्हणायची सोय नव्हती. भीती, म्हटलं. तिने टिक केली.

आता त्या एकोणपन्नास जणांना फोन करून विचारायला हवं. सुरुवात गवंड्यापासून. फोन उजव्या कानाला.