शेऱ्याचा रकाना

४ जून २०१२, सोमवार
आज बाई आल्या. महादेवी नाव, किल्लारीच्या. सकाळी आठ ते दुपारी दोन. विनीताने लावून दिल्या. डॉक्टरांनी विस्मरणाचा आजार म्हटल्यापासून लेकीचा नांदेडहून फोनवर फोन – 'नाना, मदतीला बाई येऊ द्या, नाहीतर इकडे माझ्याकडे या.' मदत म्हणे! छत्तीस वर्षं लातुरात गणित शिकवलं, आता मला कुणीतरी अंघोळीची आठवण करणार. बाई भाजी चिरता चिरता माझ्याकडे बघतात. मी बघितलं की मान खाली.

५ जून
बाईंनी गोळी दिली. घेतली म्हणालो आणि खिशात टाकली.

६ जून, बुधवार
चुकलो. दूध आणायला गेलो आणि येताना आपला बोळ सापडेना. बोळाच्या तोंडाशी क्लासवाल्यांचा मोठा फलक, त्यावर चष्मेवाली मुलगी – तिथे डावीकडे वळायचं, हे पक्कं होतं. बारावीचा निकाल लागला, मुलगी उतरली, तिच्या जागी यंदाची तीन पोरं! मी तसाच सरळ चालत राहिलो. चौकात क्लास सुटलेला. सायकलींच्या गर्दीत उभा. ज्या गावात रिक्षावाले मला सर म्हणतात, त्या गावात.
महादेवीबाई शोधत आल्या. 'चला सर, दूध नासंल.' येताना सगळा रस्ता माझ्या एक पाऊल मागे चालल्या. बघणाऱ्याला वाटावं, मीच त्यांना घेऊन चाललोय.
विनीताला हे कळलं तर लातूर संपलं.

८ जून, शुक्रवार
गॅस चालूच राहिला. पातेलं जळालं. बाईंनी येऊन बंद केला, खिडक्या उघडल्या. बाईंनी रोज वही लिहायची आणि विनीताने रविवारी येऊन बघायची, असं दोघींचं ठरलंय. म्हणजे पहाराच. पातेलं लिहिलं असणार. बोळही.

९ जून, शनिवार
बाई दळण आणायला गेल्या. वही टेबलावर. उघडली. तारीख, गोळी, जेवण, शेरा – रकाने आखलेले.
पाच तारीख – गोळी घेतली. सहा – सर दूध घेऊन आले. आठ – सर्व ठीक.
साफ चूक! ही रोजनिशी शेजारी उघडून ठेवली, लाल पेन काढलं आणि पहिल्या ओळीपासून तपासायला बसलो. फुली, समासात बरोबर उत्तर. 'गोळी खिशात.' 'रस्ता चुकले, शोधून आणले.' 'गॅस चालू, पातेले जळाले.' दहापैकी तीन. सही. कितीतरी दिवसांनी हात थरथरला नाही. बरं वाटलं.

१० जून, रविवार
विनीताच्या हातात वही बघितली तेव्हा कळलं, काय करून बसलो ते. पेपर पुढ्यात आला की मला बाकी काही सुचत नाही. हे आजाराचं नाही, पहिल्यापासूनचं आहे.
मला सोडून ती बाईंवर घसरली. 'मी तुमच्या भरवशावर होते. खोटं लिहिलंत?'
'खोटं न्हाई ताई, कमी लिवलं. भूकंपानंतर दिरानं सासऱ्याला पुण्याला न्हेलं. घर पडलं तवा बी म्हातारं बोलत हुतं. तिकडं गेल्यावर बोलायचंच थांबलं. सरांना बी न्हेचाल म्हून भ्या वाटलं.'
'उद्यापासून येऊ नका.'
बाईंनी पदर खोचला, भांडी धुऊन पालथी घातली आणि गेल्या. मी तिथेच बसलेलो. एक शब्द बोललो नाही. लाज वाटते. मी ज्यांना पहारेकरी समजलो, त्या एकट्याच माझ्या बाजूच्या होत्या.
पंधरा तारखेला मला नांदेडला न्यायचं ठरलं.

११ जून
आठ वाजून गेले. कुणी नाही. गोळी घेतली. की घ्यायची राहिली? पाकिटावरून काही कळत नाही. परत घेऊ? नको. घेऊ?

१२ जून, मंगळवार
आधी महादेवीबाईंना फोन करून विचारलं, इथेच राहायला याल का; मग विनीताला फोन केला. म्हणालो, 'रस्ता चुकतो. गॅस विसरतो. पुढे आणखी चुकेन. मला माणूस लागतं. बाईंना मागच्या खोलीत राहायलाच ठेव. वहीत काय घडलं ते मी सांगेन, त्या लिहितील.' मग रडत हो म्हणाली.
उद्यापासून घराची किल्ली बाईंकडे. बाहेर जायचं तर मी विचारून जायचं. हे मीच सुचवलं.