कॅन्सर नाही, पण

आई, मागच्या आठवड्यात माझी बायॉप्सी झाली. हा शब्द तुला माहीत आहे. तुझ्या शेवटच्या वर्षात तो आपल्या हडपसरच्या घरात रोज निघायचा, शेजारी ऐकतील म्हणून हलक्या आवाजात. तुझ्यामुळेच मी दरवर्षी तपासून घेते. यंदा मॅमोग्राफी नीट आली, सोनोग्राफीतही काही नाही, आणि एमआरआयमध्ये डाव्या बाजूला एक ठिपका उमटला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा फक्त एमआरआयलाच दिसतोय. त्यामुळे सुईही त्यातच बघून घालावी लागेल." हाताला लागत नाही, दुखत नाही, बाकीच्या मशीनना दिसत नाही, तरी माझ्यात काहीतरी आहे. यावर विश्वास कसा ठेवायचा, तेच मला कळेना.

तिथे पालथं झोपवतात. टेबलाला मोठं भोक असतं, छाती त्यातून खाली सोडायची आणि ती हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी पट्ट्या दाबतात. शिरेतून औषध सोडून मला आत सरकवलं. बराच वेळ ठणठण आवाज. मग बाहेर, भुलीचं इंजेक्शन, सुई. आणि सुई नेमकी ठिपक्यात आहे का, ते बघायला पुन्हा आत. "ताई, श्वास घ्या, पण हलू नका हं," टेक्निशियन मुलगी सारखी सांगत होती, आणि मला तू दिसायला लागलीस. घरी पुढच्या खोलीत तू गिऱ्हाइकांच्या ब्लाउजची मापं घेते आहेस, टेप गळ्यात, तोंडात टाचणी. कुणाचा घेर किती, ते तुला नुसतं बघून कळतं. मी घाईत कुणाच्या तरी ब्लाउजची बाही उलटी कापते आणि तू कात्री काढून घेतेस. "आगं, एवढी घाई कसली हाय तुला? बाईनं लग्नाला घालायचा हाय त्यो."

आज रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कॅन्सर नाही. पण काही पेशी वेगळ्या दिसताहेत. तेवढा भाग काढून टाकलेला बरा."

"नाहीच आहे, तर काढायचा कशाला?"

"पुढे होण्याची शक्यता वाढते म्हणून. आणि सुईनं आपण थोडासाच तुकडा घेतलाय."

परत येताना हे म्हणाले, "नाही म्हणाल्या ना? मग चेहरा कसला पाडतेस?" मला बरं वाटायला हवं होतं. ते वाटेना, आणि रडूही येईना. मी ऑपरेशनची तारीख घेऊन आले आहे, पण मी आजारी आहे की नाही, हे कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही.

हे पत्र कुणाला दाखवणार नाही. दवाखान्यातल्या फॉर्मवर, नातेवाइकांत, सगळीकडे मी एकच सांगत आले, आईनं गाठ लपवली म्हणून उशीर झाला. तू लपवली नव्हतीस. एका दुपारी गिऱ्हाईक गेल्यावर तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "हितं बघ गं, काय लागतंय का?" मी एकोणीस वर्षांची. मला लाज वाटली. बोटं टेकवली न टेकवली आणि हात ओढून घेत म्हणाले, "काही नाही गं."

आई, लागलं होतं.