बिनबोलाच्या नाटकातली ढोलकी

नवागाम, सुरत
८ फेब्रुवारी १९९८

प्रिय धम्मपाल,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील तर फोडण्याआधी दोन-चार शिव्या नक्की दिल्या असशील. दे. त्या माझ्या हक्काच्या आहेत. पण पत्र चुलीत घालण्याआधी एवढं वाच. चौदा एप्रिलला उधन्याला, बाबासाहेबांच्या जयंतीच्या मंडपात, आपलं बिनबोलाचं नाटक होणार आहे. माझी चंचल त्यात आहे. तू यावंस आणि ढोलकी वाजवावीस एवढंच माझं मागणं आहे. आता पुढचं वाचायचं की नाही ते तू ठरव. तुझा भुसावळचा पत्ता विशाखाने दिला. देताना म्हणाली, आमचा दादा चिडका आहे, पण पत्र फाडणारा नाही. तुझ्या बहिणीच्या भरवशावर लिहितो आहे.

इकडे सगळं ठीक आहे. खरं तर चांगलंच चाललं आहे. तुझ्या पार्वतीवहिनीचे गुडघे दुखतात, पण तोंड शाबूत आहे. मी त्याच कारखान्यात, त्याच रांगेत. तुझे सहा लूम आता निंबा चालवतो. पोरगा सरळ आहे, फक्त जेवताना सगळी मिरची माझ्या बाजूला सरकवतो. तू निदान अर्धी खायचास.

परवा जेवणाच्या सुट्टीत त्याला आपल्या जुन्या खुणा कुठून आल्या ते सांगत होतो. लूमच्या त्या खटखटाटात शेजारचा काय बोलतो ते देवालाही ऐकू यायचं नाही, म्हणून आपली सगळी बोली हातांची. बोट आडवं मोडलं की धागा तुटला. मूठ उलटी केली की बॉबिन संपली. पोटावरून हात फिरवला की शेठ आला. लांबच्या माणसाला जवळ बोलवायचं तर डोक्यावर रुमाल हलवायचा. आणि चंचल! आठ-नऊ वर्षांची असल्यापासून डबा घेऊन यायची. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, गल्लीत तिला मुकी म्हणायचे, आणि चारचौघांत मीही तिला मागेच ठेवायचो, हे तुझ्यापासून काय लपवू? पण कारखान्यात पाऊल टाकलं की पोरगी सगळ्यांशी बोलायची. त्या ओडिया कारागिरांशीसुद्धा, ज्यांना मला इतक्या वर्षांत धड ‘जेवलास का’ एवढं विचारता आलं नाही. हे पहिल्यांदा तू पाहिलंस. मी बाप असून पाहिलं नाही. तू म्हणाला होतास, वाल्मिक, इथे मुके आपण सगळे, बोलणारी ही एकटीच.

त्यातूनच ते नाटक तुझ्या डोक्यात शिरलं. लूमच्या खुणांनी चालणारं, मराठी, गुजराती, ओडिया, कुणालाही कळणारं. तोंडातून एक शब्द नाही, फक्त ढोलकी. मागचा पडदा तू स्वतः रंगवलास, डाग पडून परत आलेल्या कापडावर, रंगखात्यातून मागून आणलेल्या उरल्यासुरल्या रंगांनी. आणि मला न सांगता चंचलला त्यात घेतलंस, कारण मी नाही म्हणालो असतो. तेवढी एक चूक तुझीही आहे. ती मी अजून धरून ठेवली आहे, बरं का.

चौऱ्याण्णवच्या पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानात मी पोचलो तेव्हा चंचल फळ्यांच्या स्टेजवर एकटी उभी होती आणि समोरचे चार-पाचशे लोक पोट धरून हसत होते. मला वाटलं, माझ्या लेकराला हसतात. वर चढलो, तिचं मनगट धरलं आणि ओढत खाली आणलं. तू आडवा आलास. तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो की तुमच्या लोकांच्या जलशात माझी पोरगी नाचणार नाही. आठ वर्षं तुझ्याबरोबर एका डब्यात जेवलेला मी, तुझ्या तोंडावर ‘तुमच्या लोकांच्या’ म्हणालो. हे लिहिलं नाही तर तुला वाटेल, हा विसरला. तू ढोलकी खांद्याला अडकवलीस आणि निघून गेलास.

महिनाभरात प्लेग आला. सुरत सोडून जो तो मिळेल त्या गाडीने पळाला. आम्ही शिंदखेड्याला, तू भुसावळला सासुरवाडीला. दोन महिन्यांत सगळे परतले, तू नाही. कुणी विचारलं की मी सांगायचो, धम्मपाल प्लेगला भ्याला. किती सोयीचं पडलं बघ मला. मधे तू दोनदा आईला भेटायला येऊन गेलास आणि आमच्या गल्लीत वळला नाहीस, हे विशाखाकडून कळलं तेव्हा पार्वती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

गंमत अशी की मला माझी चूक फार आधी कळली होती. तिकडे गावीच, प्लेगच्या त्या दिवसांत. अंगणात चुलतभावंडं जमली होती आणि चंचल त्यांना तो स्टेजवरचा तुकडा करून दाखवत होती. छाती काढून चालत आली. नसलेल्या लूमला हात लावून कपाळाला लावला. मग तोंड हे एवढं उघडलं, मानेच्या शिरा ताठ, हात हवेत, सगळा चेहरा ओरडतो आहे आणि आवाज काही नाही. मग कुणी ऐकलं का म्हणून इकडेतिकडे पाहिलं आणि डोकं खाजवलं. पोरं गडाबडा लोळली. मला काही उमगेना. पार्वती दारातून म्हणाली, “तुम्हले आते तरी समजनं का? पोरगी तुम्हनीच नक्कल करी राहिंती!” म्हणजे त्या दिवशी मैदानातले लोक तिला हसले नव्हते, मला हसले होते. सगळ्या कारखान्याने मला ओळखलं, मी सोडून! मी खरंच तसा ओरडतो रे, जिथे कुणाला ऐकू येणार नाही तिथे. आणि लेकीने जन्मापासून बापाला असंच पाहिलं आहे.

हे कळूनही तीन वर्षं तुला पत्र टाकलं नाही. अहंकार म्हण, आळस म्हण, नाव तूच दे. अखेर गेल्या दिवाळीत विशाखा आली. ती तुझ्यासारखी चोरून काही करत नाही. उंबऱ्यात उभी राहून सरळ म्हणाली, दादाचं कलापथक पुन्हा उभं करते आहे, चंचलला पाठवा. आयुष्यात पहिल्यांदा मी चंचललाच विचारलं, तुला जायचंय का. ती उत्तर द्यायच्या ऐवजी आत गेली आणि पांघरायची गोधडी घेऊन आली. पार्वतीने गोधडी उसवली तर आतून तुझा पडदा निघाला. त्या दिवशी मैदानातून पार्वतीनेच तो गुपचूप उचलून आणला होता आणि फेकवेना म्हणून गोधडीत शिवून टाकला होता. तीन वर्षं मी तुझं चित्र अंगावर घेऊन झोपत होतो. रंग फिका झाला होता, सगळीकडे टाक्यांची भोकं होती. चंचलने तो पुन्हा रंगवला, आणि कोपऱ्यात स्वतःच्या मनाने एका डब्यात जेवणारी दोन माणसं काढली. तुला तिने डोक्यावर तुझ्या लायकीपेक्षा जास्त केस दिले आहेत.

मग सव्वीस जानेवारीचा प्रयोग झाला, त्याच मैदानात. मी आता नाटकात आहे, हसू नकोस. चंचल माझी नक्कल करते तेव्हा मी शेजारी उभा राहतो आणि आम्ही दोघं एकदम ओरडतो, बिनआवाजाचं. ढोलकी फळीला टेकवून ठेवतो, म्हणजे ठेका तिला अनवाणी पायांना लागतो. तुझीच युक्ती. वाजवतो निंबा, आणि काय सांगू, उशीत बुक्के मारल्यासारखी वाजते. मी त्याला तालमीत रोज टोकायचो, जोरात मार, जोरात मार. बिचारा माझ्या डाव्या बाजूला येऊन बसायला लागला.

नाटक संपलं तेव्हा टाळ्या पडल्या म्हणे. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका ओडिया कारागिराने डोक्यावर रुमाल हलवला, मग त्याच्या शेजारच्याने, आणि बघता बघता अर्ध्या मैदानात रुमाल. टाळ्या तिला ऐकू येत नाहीत म्हणून रुमालाने कौतुकच करत होते बिचारे. पण आपल्याकडे रुमाल हलवला म्हणजे इकडे ये. चंचलने एकदा सगळीकडे पाहिलं आणि स्टेजवरून उडी मारून थेट लोकांत गेली, बोलावलंय तर जायलाच हवं म्हणून! एकेका रुमालापाशी थांबून हातांनी विचारत होती, काय काम आहे? बायांनी तिच्या गालांवरून बोटं मोडली. मी वरच उभा होतो. या वेळी मी तिला ओढून आणायला गेलो नाही. तू हवा होतास असं मात्र फार वाटलं.

आता खरं कारण सांगतो. निंबाच्या ढोलकीत काही खोट नाही, विशाखानेच मला सांगितलं, तो छान वाजवतो. खोट माझ्यात आहे. टाळ्याही मला पार्वतीने सांगितल्या म्हणून कळल्या. मागच्या आठवड्यात डॉक्टरकडे गेलो. वीस वर्षांच्या लूमने उजवा कान पुरता नेला आहे आणि डावा वर्षभर साथ देईल, फार तर दीड. घाबरू नकोस, मी घाबरलो नाही. घरात शिकवणारी आहे, तिने शिकवायला सुरुवातही केली आहे. काल तिने मला अनवाणी फळीवर उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि निंबाला वाजवायला सांगितलं. ठेका लागतो रे पायांना, खरंच लागतो. पुढे मी तसंच ऐकेन, आणि त्यात काही दुःख नाही. पण तुझी ढोलकी मला एकदा कानाने ऐकायची आहे. फार दिवस उरले नाहीत, म्हणून हे पत्र. तू आलास की मी डाव्या बाजूला जागा ठेवतो. डोक्यावर रुमाल हलवतो आहे असं समज.

तुझाच,
अर्धी मिरची राखून ठेवणारा,
वाल्मिक