नसलेल्या देवीचा प्रश्न

मारेगाव, रविवार, संध्याकाळ

आज रफिकला हरवलं. खोटं बोलून.

सात चंद्रांच्या कादंबऱ्यांमधल्या काल्पनिक जगाच्या पुराणांवर आमचा रविवारचा प्रश्नखेळ. गॅरेजवाला रफिक त्यात अजिंक्य. गेल्या रविवारी त्याने सगळ्यांसमोर माझी चूक काढली, आणि ती चूकच होती. आज तो पहिल्यांदाच मुलीला घेऊन आला. बगलेत उत्तरं टिपायची त्याची नेहमीची तेलकट वही.

मी विचारलं, "चौथ्या चंद्राची देवी तमोलेखा कोणाच्या शापाने आंधळी झाली?" अशी देवीच नाही. नाव मी दुपारी जेवता जेवता जुळवलेलं. संस्कृत शिकून पेपरात बातम्या लिहितो; त्या शिकण्याचा एवढा तरी उपयोग.

खेळात वही उघडायची नाही, हा नियम. त्याने कपाळ पुसलं. "मले नाही माहीत, गुरुजी."

"काहून रफिकभाई, पेट्रोल संपलं काय?" कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. मुलगी चपलेकडे बघत राहिली.

तेव्हाच सांगून टाकायचं होतं. पण त्याने तेलकट वही उघडली. "उत्तर सांगा न, लिहून घेतो. तुमी पेपरवाले, खोटं थोडीच सांगान."

मी सांगितलं, थोरल्या बहिणीच्या. का सांगितलं?

त्याने देवीचं नाव दोनदा विचारून लिहिलं आणि मुलीकडून पाठ करून घेतलं. तिचे उच्चार मी सुधारून दिले.